डोंगलची पूजा

आमच्या घरात दसऱ्याला कोयत्यापासून टेम्पोच्या टायरपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. लहानपणापासून बघत आलोय, त्याचं कधी भय वाटलं नव्हतं. आता दसरा जवळ आला की वाटतं. बायको म्हणते, सणासुदीला असं तोंड पाडून बसू नका. तिला काय जातंय बोलायला.

मी कोन गावचा. कल्याण-भिवंडी रस्त्यावरचं गाव, आजोबांच्या वेळी भाताची खाचरं होती, आता गोदामं आहेत. घराच्या वरच्या मजल्यावर माझा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणायचं आपलं. एक खोली, भिंतींना फोम, एक बरा माइक आणि जुना कम्प्युटर. आमच्याकडे हळदीला जी गाणी दणादण वाजतात त्यातली बरीच या खोलीत जन्मली. लग्नाच्या मोसमात मला जेवायला फुरसत नसते.

या धंद्यात सगळे चोरीचं सॉफ्टवेअर वापरतात. सगळे म्हणजे सगळे. पेनड्राइव्हवरून घ्यायचं, टाकायचं, चालू. मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी म्हटलं आपण रीतसर घ्यायचं. घेतलं. तर त्यासोबत आला हा डोंगल. अंगठ्याएवढा, काळा, कम्प्युटरला मागं खोचायचा. तो खोचलेला असला आणि त्याचा हिरवा दिवा लागला, तरच सॉफ्टवेअर उघडणार. नाहीतर पडद्यावर पाटी: चावी सापडत नाही. म्हणजे मी चोर नाही हे मी रोज सकाळी उठून त्याला सिद्ध करून दाखवायचं, आणि जे खरोखर चोर आहेत त्यांना कोणी विचारत नाही. त्यांची गाणी चालू, माझा दिवा बंद. भिवंडीची लाइट कशी, ते भिवंडीकरांना सांगायला नको. शेजारी कापडाचे लूम सुरू झाले की व्होल्टेज खाली, की याचा दिवा गेला. मग काढा, पुसा, परत खोचा, परत सुरू करा. समोर गायक ताटकळतोय, ढोलकीवाला मोबाइल बघतोय. कितीदा वाटलं, जाऊन खाडीत फेकून द्यावा.

पण फेकणार कसा? सगळं त्याच्यात अडकलेलं. मी कुठं लांब जाताना तो काढून खिशात घेऊन जायचो. जेवताना एक हात खिशावर. बायको हसायची.

त्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक सोय होती. सोय कसली, माझ्या गळ्याचा फास. एखादं काम आपल्या डोंगलच्या नंबराला बांधून टाकायचं. मग ती फाइल कोणी उचलून नेली तरी तुमच्या डोंगलशिवाय ती कुठंच उघडत नाही, आत आवाज असूनही नसल्यासारखा. आमच्या लाइनीत याची गरज पडते. गाणं बाहेर यायच्या आधीच कोणीतरी पेनड्राइव्हवर नेतो आणि आठवड्यात ते मानकोलीपासून पनवेलपर्यंत प्रत्येक डीजेकडे वाजतं, गाणाऱ्याचं नावसुद्धा न घेता. माझ्या बाबतीत दोनदा झालं होतं. दुसऱ्या वेळी मी ज्याच्यावर संशय होता त्याच्या घरी जाऊन एवढा बोललो की त्याच्या आईनं मला पाणी दिलं आणि शांत हो म्हणाली.

म्हणून आत्याचे धवले, लग्नातली जुनी गाणी, रेकॉर्ड केले तेव्हा मी ते बांधून टाकले. माझ्याच हातानं.

आत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, ती माहेरी परत आली, आणि माझी आई गेल्यावर मला तिनंच मोठं केलं. ती धवलारीण. आमच्या आगरी लग्नात जुन्या काळी धवलारणीशिवाय पान हलायचं नाही. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचा वेगळा धवला असतो, आणि तो म्हणणारी बाई सांगेल तसं लग्न पुढं सरकतं. भटजी असले तरी बाजूला बसून असायचे. आत्याचा आवाज काही गोड वगैरे नव्हता. खरखरीत, सरळ, मांडवाच्या शेवटच्या माणसापर्यंत जाणारा. लिहून ठेवलेलं काही नाही. शंभरावर धवले, सगळे डोक्यात.

एका उन्हाळ्यात मी तिला वर बसवून रेकॉर्ड करायला घेतलं. आधी तयारच होईना. मांडव नसताना धवला गायचा नाही, असं तिचं म्हणणं. शेवटी तिनं स्वतःच तोड काढली. माइकच्या स्टँडला आंब्याचा डहाळा बांधला, खाली तांदळाची चिमूट ठेवली आणि म्हणाली, "ह्यो तुझा मांडव. चालू कर." रोज दुपारी दोन-तीन धवले व्हायचे. आवाज थोडा बसलेला होता, मी म्हटलं उन्हाचा असेल. मधेमधे ती त्या हिरव्या दिव्याकडे बघायची. एकदा विचारलं, हा काय आहे. मी सांगितलं, "ही चावी, आत्या. तुझा सगळा आवाज हिच्यात बंद आहे. ही आहे तोवर कोणी चोरू शकत नाही." तिला ते फार आवडलं. खाली जाऊन तिनं शेजारणीला सांगितलं की माझा आवाज कुलपात हाय.

गणपतीपर्यंत तिचा आवाज पार गेला. नुसती हवा. ठाण्याला दाखवलं. घशात गाठ, आणि ती साधी नाही. डॉक्टर बाई चांगल्या होत्या, सरळ बोलल्या. स्वरयंत्र काढावं लागेल, गळ्याला पुढून भोक राहील, त्यातून श्वास घ्यायचा. बोलणं बंद. पण केलं नाही तर फार दिवस नाहीत, आणि उशीर करू नका.

आत्यानं घरी येऊन फर्मान काढलं. ऑपरेशन नाही. अकलोलीच्या कुंडावर जाईन, गरम पाण्याची वाफ घेईन, गळा सुटेल. "गला कापून देव? मंग धवलारीन कशाची मी?" हे ती कुजबुजून बोलत होती, आणि मला ऐकायला वाकावं लागत होतं. मी रागावलो, हातापाया पडलो, जेवण सोडलं. ढिम्म. दोन आठवडे गेले असेच. तिच्या गळ्याकडे मी सारखा बघायचो. वाटायचं, ती आतली गाठ आत्ता या क्षणी वाढतेय आणि आपण भाकरी खातोय.

शेवटी मी तिला वर नेलं, हेडफोन लावला आणि तिचा हळदीचा धवला ऐकवला. ती डोळे मिटून बसली. संपल्यावर मी म्हटलं, "तुझा आवाज कुठं जात नाही, आत्या. इथं आहे. तू गेलीस तरी राहील, आणि तू राहिलीस तर बसून ऐकशील." तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मग विचारलं, "समदा हाय?" मी म्हटलं, सगळा आहे. तेव्हा कुठं ती तयार झाली. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशीची तारीख मिळाली.

आता कोणी विचारेल, शहाण्या, साध्या फाइली काढून चार ठिकाणी का ठेवल्या नाहीस? मीही स्वतःला हेच विचारतो, आंघोळ करताना, गाडी चालवताना. करणारच होतो. आधी जरा साफसूफ करावं, मग काढावं, असं म्हणत राहून गेलं. मोसम, मग गणपती, मग हॉस्पिटलच्या फेऱ्या. फाइलीच्या दोन प्रती मी ठेवल्याही होत्या, वेगवेगळ्या डिस्कवर. पण दोन्ही कुलूपबंद, आणि चावी एकच.

दसऱ्याच्या सकाळी मी बाजारात गेलो होतो, झेंडूची फुलं आणायला. परत आलो तर पूजा उरकलेली. कोयते, विळे, टेम्पो, हार्मोनियम, ढोलकी, सगळ्याला हळदकुंकू. वर गेलो तर कम्प्युटरलाही बोटं ओढलेली, वर फूल. बरं वाटलं. मी बसलो आणि बटण दाबलं. मागं बारीक चट आवाज झाला आणि कसलातरी जळका वास आला.

दिवा लागला नाही. पडद्यावर पाटी आली: चावी सापडत नाही. मी नेहमीसारखा वैतागून मागं हात घातला आणि डोंगल काढला. तो ओला होता. तोंडाच्या पत्र्यात कुंकवाचा लगदा बसलेला, आणि त्यातून पांढरं पाणी माझ्या बोटावर उतरलं. दूध.

 खाली येऊन बायकोला विचारलं, वरची पूजा कोणी केली. ती म्हणाली, "आत्यांनी. त्या काळ्या चावीला तर ताम्हनात घेऊन देवाच्या टाकासारखी आंघोळ घातली. दुधानं, मग पाण्यानं. पुसून परत लावली." आणि मग माझं तोंड बघून तिचा हात थांबला. मी तिच्यावर ओरडलो. तू काय करत होतीस, तुला डोळे नाहीत का, एवढी अक्कल नाही का. तिचा काडीचा दोष नव्हता. दोष ज्याचा, त्याला ओरडायची मला सोय नव्हती. कारण आत्याला जर कळलं की मशीनमध्ये आता काही नाही, तर ती चौथ्या दिवशी ठाण्याला येणार नाही. हे मला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कळलं.

बायकोला मी शपथ घातली. अवाक्षर काढायचं नाही.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. कंपनीला मेल केला. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, अतिशय गोड. खराब झालेला डोंगल परदेशी पाठवा, तपासून नवीन देता येईल का ते कळवू. मात्र आपली आवृत्ती फार जुनी आहे, तिचा सांभाळ आता बंद आहे. आणि जुन्या डोंगलच्या नंबराला बांधलेलं काम नवीन डोंगलवर उघडणार नाही, आपल्याच सुरक्षिततेसाठी ही व्यवस्था आहे. माझ्या सुरक्षिततेसाठी. मी तो मेल तीनदा वाचला आणि कळफलक उचलून आपटला. त्याची दोन बटणं अजून नाहीत.

मग मी जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. मानकोलीला एक ओळखीचा स्टुडिओवाला आहे, त्याच्याकडे जाऊन चोरीचं सॉफ्टवेअर मागितलं. तो पोट धरून हसला. म्हणाला, साधूमहाराज आले. दिलं बिचाऱ्यानं, स्वतः बसून टाकून दिलं. सॉफ्टवेअर मिनिटात उघडलं, डोंगल नाही की काही नाही. आत्याची फाइल मात्र उघडली नाही. नंबर मागत राहिली. तेव्हा त्याचं हसू थांबलं. मला म्हणाला, "अरे, असं कोण बांधून ठेवतं?"

राहिला होता एक माणूस. भिवंडीत लूमचे इलेक्ट्रॉनिक कार्ड दुरुस्त करणारा एक चाचा, कारखान्यांच्या गल्लीत त्याचं टेबल. बाहेर लूमचा खडखडाट एवढा की बोलायचं तर कानाशी जावं लागतं. त्यानं डोंगल उघडला, भिंगाखाली धरला, आणि बराच वेळ मान हलवत बसला. आतल्या पट्टीवर कुंकू पसरलेलं मलाही दिसलं. "इसको अभी करंट मत दिखाना," तो म्हणाला. "धो के सुखाऊँगा. पाँच-छह दिन छोड़ दो मेरे पास. लूम का कार्ड होता तो दूसरा डाल देता. इसमें तो इसका अपना नंबर बैठा है. चिप बची होगी तो बचेगा, नहीं तो नहीं." मी विचारलं, दोन दिवसांत होणार नाही का. त्यानं डोंगल डबीत टाकून झाकण लावलं.

म्हणजे ऑपरेशन आधी आणि निकाल नंतर.

आदल्या दिवशी मला राहवलं नाही. फोन हातात घेऊन आत्याजवळ बसलो आणि सहज बोलल्यासारखं करून म्हटलं, आत्या, एखादा धवला परत घेऊया का, जमेल तेवढा. तिनं माझ्याकडे बघितलं. "परत कशाला?" ती कुजबुजली. "हाय ना मशिनीन?" मी म्हटलं हो, आहे की, असंच आपलं. माझा फोन हातातच राहिला. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी ताप आल्यावर फिरवायची तसा, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हॉस्पिटलात कागदावर सही मी केली. जवळचा नातेवाईक. डॉक्टर बाईंनी पुन्हा एकदा सगळं समजावून सांगितलं, आवाज येणार नाही, पेशंटला हे माहीत आहे ना. आत्यानं मान डोलवली. मी पेन धरून उभा होतो आणि माझ्या मनात येत होतं, थांबवावं. आत्ता तोंड उघडावं आणि सांगावं, आत्या, मी खोटं बोललो, तिथं काही नाही, ठरव तुझं तू. तिचा गळा, तिचा आवाज, ठरवणारा मी कोण? आणि मग ती उठून घरी जाईल, अकलोलीला जाऊन वाफ घेत बसेल, आणि दिवाळी बघणार नाही. सही केली. ती माझी सही वाटत नाही.

तिला आत नेताना तिनं खूण करून मला जवळ बोलावलं. मी वाकलो. "मशिनीन हाय ना?" तिनं विचारलं. माझ्या आत्याचा आवाज मी शेवटचा ऐकला तो हा. मी म्हटलं, "हाय, आत्या."

ऑपरेशन नीट झालं. ती जगली. नवव्या दिवशी घरी आणली. गळ्याला भोक, त्याच्यावर ओली जाळी, आणि श्वासाचा शूं शूं आवाज. ती शाळेत तिसरीपर्यंत गेलेली, म्हणून मी पाटी आणून दिली. हळूहळू लिहायची, मोठी वेडीवाकडी अक्षरं. पाणी. ऊन. डाल नको. तिनं पाटी हातात घेतली की मला धास्ती वाटायची. वाटायचं, आता लिहील, वाजव. मी काहीतरी काम काढून उठायचो. दिवसातून दहा वेळा जिना चढायचो आणि वर जाऊन नुसता बसायचो. स्वतःच्या घरात मी चोरासारखा वावरत होतो.

चाचाचा फोन त्याच आठवड्यात आला. गेलो. त्यानं डोंगल कापडात गुंडाळून ठेवला होता, स्वच्छ धुतलेला, नव्यासारखा. "बहुत कोशिश की, भाई," तो म्हणाला. "चिप अंदर से गई है. करंट उसी दिन मार गया." उसी दिन म्हणजे मी बटण दाबलं तेव्हा. आत्याच्या दुधानं तो मेला नव्हता. वाळू दिला असता तर कदाचित वाचला असता. मारला मी. मजुरी विचारली तर त्यानं हात हलवला आणि दुसरं कार्ड भिंगाखाली घेतलं.

त्या दिवशी ठरवलं, आता सांगायचं. किती दिवस पळणार? घरी आलो तेव्हा आत्या मागच्या दारी उन्हात खाटेवर बसली होती. मी तिच्या पायाशी पायरीवर बसलो.  म्हटलं, आत्या, एक सांगायचं आहे, रागावू नकोस, रागावलीस तरी चालेल. आणि सगळं सांगून टाकलं. दसरा, डोंगल, मी बटण दाबलं ते, हॉस्पिटलातलं खोटं. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती, मी जमिनीकडे बघून बोलत होतो. तिचा श्वास मात्र ऐकू येत होता, एका लयीत, जराही न बदलता.

मी बोलायचा थांबलो. तिनं पाटी ओढली आणि लिहिलं, माझ्यापुढं धरली.

मना म्हायती हुता.

मला आधी कळेचना. म्हटलं, काय माहीत होतं? कधीपासून? तिनं पुसलं आणि लिहिलं: दसऱ्याला, तू वरडलास तवा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. खरंच गेली, लाज वाटते सांगायला. एवढे दिवस मी मरत होतो आणि हिला माहीत होतं. म्हटलं, "मग गेलीस कशाला? एवढं धवलारीण धवलारीण केलंस, मला दोन आठवडे नाचवलंस. सगळं गेलं हे माहीत असून गळा दिलास? आणि आत जाताना मला परत विचारलंस कशाला?"

तिनं पाटी पुसली. मग लिहायला लागली. या वेळी फार वेळ लागला, मधे एकदा खडू मोडला. लिहून झाल्यावर पाटी तिनं लगेच माझ्याकडे वळवली नाही, छातीशी धरून ठेवली. मी हात पुढं केला तेव्हा दिली.

गानी जाव दे. मना मराचा भ्याव वाटला. तू हाय बोल्लास त बरा वाटला.

मी वर बघितलं. तिचे डोळे माझ्यावर नव्हते, दाराकडे होते. आतून बायको चहा घेऊन येत होती. तिला दिसायच्या आत आत्यानं माझ्या हातातून पाटी घेतली आणि पदरानं घाईघाईनं पुसून टाकली.